आधी मंडळी की आधी माणूस?

कॅथॉलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातला फरक काय, असे एखाद्या सुशिक्षित मराठी माणसाला विचारले तर उत्तर ठरलेले असते. कॅथॉलिक मूर्ती ठेवतात, मरियेची भक्ती करतात, पोपचे ऐकतात. प्रोटेस्टंट फक्त बायबल मानतात. थोडे अधिक वाचलेले लोक याला आपल्याकडची जोडी लावतात. कॅथॉलिक म्हणजे सगुणोपासक आणि प्रोटेस्टंट म्हणजे निर्गुणवाले, किंवा कॅथॉलिक म्हणजे भटशाही आणि प्रोटेस्टंट म्हणजे संतांचे बंड. अशी जोडी लागली की विषय कळल्याचे समाधान मिळते आणि विचार तिथेच थांबतो.

माझे म्हणणे असे आहे की, खरी रेघ मूर्तीपाशी, मरियेपाशी किंवा पोपपाशी नाही. ती एका प्रश्नापाशी आहे. मंडळी, म्हणजे चर्च, आहे म्हणून माणूस श्रद्धावान होतो, की श्रद्धावान माणसे एकत्र येतात म्हणून मंडळी उभी राहते? कॅथॉलिक पहिले म्हणतात, प्रोटेस्टंटांपैकी बाप्टिस्ट दुसरे. बाकीचे बहुतेक फरक या उत्तरातून निघतात. आणि ही रेघ ओढली की प्रोटेस्टंट नावाचा एकसंध गटच उरत नाही, कारण लूथरन आणि अँग्लिकन लोक या प्रश्नावर बाप्टिस्टांपेक्षा रोमच्या अधिक जवळ उभे दिसतात.

1. मूर्तीवरून काही ठरत नाही

जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात सेंट लोरेंझ नावाचे मोठे चर्च आहे. फाइट श्टोसने घडवलेली मरिया आणि गॅब्रिएल देवदूत यांची भव्य लाकडी शिल्पाकृती तिथे छताखाली टांगलेली आहे. 1525 मध्ये न्यूरेंबर्ग लूथरच्या बाजूला गेले, चर्चही लूथरन झाले; शिल्प मात्र राहिले. खुद्द लूथरने रोमशी काडीमोड झाला त्याच 1521 साली मरियेच्या स्तोत्रावर आदराने भाष्य पूर्ण केले होते. मूर्ती आणि मरिया ही जर मूळ रेघ असती, तर लूथरला तिच्या अलीकडे ठेवायचे की पलीकडे?

‘फक्त बायबल’ या वाक्याचेही तसेच. कॅथॉलिक बायबलमध्ये 73 पुस्तके आहेत, प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66. जुन्या करारातल्या सात पुस्तकांचा हा वाद खराच आहे. मृतांसाठी प्रार्थना करण्याला कॅथॉलिक जो आधार देतात, तो त्या सातांपैकी मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. पण 66 पुस्तकांवर ज्यांचे एकमत आहे, त्यांचे बाप्तिस्म्यावर एकमत झाले नाही. प्रेषितांच्या कृत्यांच्या सोळाव्या अध्यायात लुदिया आणि फिलिप्पैचा बंदिशाळेचा अधिकारी हे घरच्या सर्वांसह बाप्तिस्मा घेतात. घर म्हटले की त्यात लेकरे आलीच, असे कॅथॉलिक म्हणतात आणि लूथर-कॅल्विनचे अनुयायीही म्हणतात. बाप्टिस्ट त्याच ओळींवर बोट ठेवून विचारतात, आधी वचन ऐकले आणि मग पाणी घेतले असे तिथे दिसते. यात तान्हे बाळ कुठे आहे? ग्रंथ एकच असून निष्कर्ष उलटे निघतात, त्या अर्थी वाचणारे काहीतरी आधीच मनाशी धरून बसलेले आहेत. ते आधीच धरलेले काय, हे शोधणे महत्त्वाचे आहे.

2. झुरिकमधले एक घर

21 जानेवारी 1525 रोजी झुरिकमधल्या एका घरात कॉनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरॉकला बाप्तिस्मा दिला. ब्लाउरॉकचा बाप्तिस्मा लहानपणी झालेला होताच. तो खरा नव्हता, कारण त्या वेळी आपला विश्वासच नव्हता, असे या मंडळींचे म्हणणे होते. शहरात तेव्हा झ्विंगलीच्या सुधारणा चालू होत्या, म्हणजे सत्ता पोपच्या बाजूची नव्हती. तरी दोन वर्षांनी त्याच शहराने याच मंडळींपैकी फेलिक्स मान्झला लिमाट नदीत बुडवून मारले. एका प्रोटेस्टंट शहराने दिलेली ही शिक्षा होती आणि अपराध होता प्रौढांना पुन्हा बाप्तिस्मा देण्याचा.

एवढा राग कशासाठी? शहरात जन्मलेले प्रत्येक बाळ बाप्तिस्म्याने मंडळीत येते, म्हणून शहर आणि मंडळी एकच, हा तेव्हाचा पाया होता. तो रोमचा होता, लूथरचा होता आणि झ्विंगलीचाही होता. ग्रेबेलने त्यालाच हात घातला.

बाप्टिस्ट परंपरा थेट या स्विस लोकांतून जन्मली नाही. इंग्लंड सोडून ॲम्स्टरडॅमला आलेल्या जॉन स्मिथने 1609 मध्ये स्वतःच्या हाताने स्वतःला बाप्तिस्मा दिला आणि मग सोबत्यांना. ज्याच्या हातून घ्यावा असा खरा बाप्तिस्मा झालेला माणूस त्याला कुठे दिसेना. पुढे हे कृत्य त्याला स्वतःलाही पटेनासे झाले. पण त्या कृत्यात बाप्टिस्ट विचाराचे टोक स्वच्छ दिसते. पिढ्यानपिढ्या हातातून हातात आलेला अधिकार तुटला तरी चालेल, विश्वास आणि वचन असले की मंडळी नव्याने उभी राहू शकते. कॅथॉलिकाला हे वाक्य अशक्य वाटते. त्याच्या लेखी ख्रिस्ताने प्रेषितांना दिलेला अधिकार बिशपांच्या परंपरेने अखंड चालत आलेला आहे. तो तुटला तर धर्मगुरू नाही, आणि धर्मगुरू नाही तर मिस्सा, म्हणजे कॅथॉलिकांची मुख्य उपासना, नाही.

3. शिक्का आणि साक्ष

दोन्हींतला फरक प्रत्यक्ष पाहायचा असेल तर पाणी कुठे ठेवले आहे ते पाहावे. जुन्या कॅथॉलिक देवळात बाप्तिस्म्याचे दगडी कुंड बहुधा दाराजवळ असते. बाळ आत येते ते त्या पाण्यातून. नजर मात्र जाते समोरच्या वेदीकडे आणि पवित्र भाकर ठेवलेल्या पेटीजवळ तेवणाऱ्या दिव्याकडे. बाप्टिस्ट उपासनागृहात मधोमध प्रवचनाचे व्यासपीठ असते, आणि अनेक ठिकाणी त्याच्या मागे किंवा खाली माणूस पूर्ण बुडेल एवढा हौद. आधी वचन ऐकायचे, मग सर्वांसमोर आपला विश्वास बोलून दाखवायचा आणि मग हौदात उतरायचे.

कॅथॉलिक शिकवणीत बाप्तिस्मा ही मुळात देवाची कृती आहे. ती आत्म्यावर कधी न पुसणारा शिक्का उमटवते. म्हणूनच देणारा कोण आणि कसा, यावर ती अवलंबून नाही. चौथ्या-पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेत दोनातूसचे अनुयायी म्हणत होते की, पापी धर्मगुरूने दिलेले संस्कार खरे नव्हेत. संत ऑगस्टिनने त्यांना उत्तर दिले की, संस्कार ख्रिस्ताचा असतो, देणाऱ्याचा नव्हे. तीच भूमिका आज इतकी पुढे जाते की, रुग्णालयात बाळ मरणाच्या दारात असेल आणि धर्मगुरू जवळ नसेल, तर परिचारिकेने पाणी ओतून पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने दिलेला बाप्तिस्माही खरा मानला जातो. ती ख्रिस्ती नसली तरी चालते. ख्रिस्तसभा, म्हणजे कॅथॉलिकांची मंडळी, जे करते ते करण्याचा तिचा हेतू असला म्हणजे झाले.

बाप्टिस्टांसाठी बाप्तिस्मा ही माणसाची साक्ष आहे. तारण त्याआधीच झालेले असते, पाण्यात उतरून माणूस ते जाहीर करतो. म्हणून ते याला संस्कार म्हणायला कचरतात आणि आज्ञापालन म्हणतात. असे विधी त्यांच्याकडे दोनच, बाप्तिस्मा आणि प्रभूभोजन. कॅथॉलिकांकडे संस्कार सात.

यातून एक विषमता येते आणि माझ्या मते सगळा वाद तिच्यात दिसतो. बाप्टिस्ट माणूस कॅथॉलिक झाला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत, कारण झाला तो झाला. लहानपणी बाप्तिस्मा झालेला कॅथॉलिक बाप्टिस्ट झाला तर बहुतेक ठिकाणी त्याला हौदात उतरावे लागते. बाप्टिस्टांच्या मते ते पुन्हा देणे नव्हे, पहिल्यांदाच देणे असते.

4. बाकीचे फरक इथून निघतात

मरियेकडे आता या बाजूने पाहावे. दर वर्षी सप्टेंबरात वांद्र्याला मोत माऊलीच्या जत्रेत लोक मेणाचे हात, पाय, घर आणि बाळ वाहतात. वाहणाऱ्यांत कॅथॉलिक असतात, तसे हिंदूही पुष्कळ असतात. बघणारा म्हणतो, हा तर नवस. पण कॅथॉलिक शिकवण आराधना फक्त देवाची आणि संतांना आदर, अशी वाटणी काटेकोरपणे करते. मरियेला हाक मारतात ती ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणून. ही हाक शक्य होते, कारण कॅथॉलिकाची ख्रिस्तसभा जिवंत माणसांपुरती नसते. पृथ्वीवरचे, शुद्धिस्थानातले आणि स्वर्गातले असे तिघे मिळून ती एक आहे. मृत्यूने कोणी तिच्यातून बाहेर जात नाही, म्हणून 2 नोव्हेंबरला मृतांसाठी मिस्सा होते. ज्याची मंडळी ही विश्वास कबूल करून एकत्र आलेल्या जिवंत माणसांची आहे, त्या बाप्टिस्टाला मृताशी असा व्यवहार करायला जागाच नाही. मरियेचा वाद इथून येतो. मूर्ती हे त्याचे बाहेरचे रूप आहे.

कुमसाराचे तेच. कॅथॉलिक धर्मगुरूच्या कानात पाप सांगतो, कारण क्षमेचा शब्द उच्चारण्याचा अधिकार ख्रिस्तसभेला मिळालेला आहे असे तो मानतो. बाप्टिस्ट थेट देवाशी बोलतो. पाळकही कोणी वरून पाठवत नाही; स्थानिक मंडळी त्याला निवडते आणि मंडळीच त्याला निरोपही देऊ शकते.

प्रभूभोजनातल्या भाकरीवर मात्र प्रोटेस्टंट आपसातच फुटले. 1529 मध्ये मारबुर्गला लूथर आणि झ्विंगली समोरासमोर बसले. पंधरापैकी चौदा मुद्द्यांवर जुळले आणि शेवटचा अडला. ख्रिस्ताचे शरीर भाकरीत खरोखर आहे, हे लूथर सोडेना. झ्विंगलीच्या मते ते स्मरण होते. आजचे बहुतेक बाप्टिस्ट झ्विंगलीच्या बाजूला आहेत आणि लूथरन लोक, स्पष्टीकरण वेगळे देऊन का होईना, भाकरीत प्रभू आहे असे कॅथॉलिकांसारखेच म्हणतात.

5. राजाचा हात कुठपर्यंत

आधी मंडळी की आधी माणूस, या प्रश्नाचे राजकीय परिणाम मोठे झाले, आणि इथे मी बाप्टिस्टांच्या बाजूने बोलणार आहे. स्मिथचा सोबती टॉमस हेल्विस इंग्लंडला परतला. 1612 च्या पुस्तकात त्याने राजाला सुनावले की, राजा मर्त्य माणूस आहे, प्रजेच्या आत्म्यावर त्याची सत्ता नाही; मग ती प्रजा पाखंडी असो, तुर्क असो की यहुदी. हेल्विसला तुरुंगात टाकण्यात आले. त्याचा तर्क साधा आहे. विश्वास ज्याचा त्यानेच ठेवायचा असेल, तर सक्तीने दिलेल्या धर्माला काहीच अर्थ उरत नाही. रॉजर विल्यम्सने 1636 मध्ये अमेरिकेत प्रॉव्हिडन्स वसवले ते याच विचारावर, आणि दोन वर्षांनी तिथे अमेरिकेतली पहिली बाप्टिस्ट मंडळी झाली. कॅथॉलिक चर्चने धार्मिक स्वातंत्र्य हा प्रत्येक माणसाचा हक्क असल्याचे अधिकृतपणे मान्य केले 1965 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत.

आपल्या जवळचे उदाहरण गोव्याचे. सक्तीचा बाप्तिस्मा चुकीचा, असे कॅथॉलिक शिकवण तेव्हाही सांगत होती. पण शिक्का एकदा उमटला की पुसत नाही, हेही तीच सांगत होती. 1560 पासून 1812 पर्यंत गोव्यात धर्मन्यायालय चालले, मधल्या थोड्या खंडासह. बाप्तिस्मा झालेला माणूस घरी जुनी रीत पाळताना सापडला, तर तो परधर्मीय ठरत नसे, धर्मद्रोही ठरत असे. न पुसणाऱ्या शिक्क्याला राज्यसत्ता जोडली की काय होते, ते या अडीचशे वर्षांत दिसले. पण हा दोष एकट्या कॅथॉलिकांच्या माथी मारता येत नाही. मान्झला बुडवणारे प्रोटेस्टंट होते, आणि 1553 मध्ये पाखंडी ठरवलेल्या सर्व्हेटसला जाळणारे कॅल्विनचे जिनीव्हाही.

दुसरी बाजूही तेवढ्याच ठामपणे मांडतो. विश्वास बोलून दाखवणे हीच आत येण्याची अट केली, तर जे कधीच बोलू शकणार नाहीत त्यांचे काय? जन्मतः मतिमंद मूल, स्मृती गेलेली आजी, दोन दिवसांचे बाळ. देव त्यांना टाकत नाही, असे बाप्टिस्ट मनापासून सांगतात आणि बाळाला मंडळीसमोर आणून समर्पित करतात. तरीही त्यांच्या हिशेबात मंडळीचा पूर्ण सभासद होण्यासाठी स्वतः निर्णय घेण्याची ताकद लागतेच. घरात जन्मलेले मूल घरचे होण्यासाठी अर्ज करत नाही, हे कॅथॉलिक उत्तर मला या जागी अधिक माणुसकीचे वाटते.

6. तीन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, आता हे भांडण मिटले आहे. 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबुर्गला कॅथॉलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो, यावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. 2006 मध्ये मेथडिस्ट आणि 2017 मध्ये रिफॉर्म्ड चर्चेस त्यात सामील झाली. ही घटना मोठीच आहे. ‘कॅथॉलिक कर्म मानतात, प्रोटेस्टंट श्रद्धा’ हे सोपे वाक्य तिने निकालात काढले. पण ती मंडळी म्हणजे काय, या प्रश्नावर नव्हती. कॅथॉलिक आणि लूथरन आजही सर्रास एका पंक्तीला प्रभूभोजन घेऊ शकत नाहीत. सह्या करणाऱ्यांत बाप्टिस्टही नव्हते.

दुसरा आक्षेप, सामान्य भाविकाला यातले काही ठाऊक नसते. त्याला पोथीतले शब्द ठाऊक नसतील, पण कॅथॉलिक मुलगी आणि बाप्टिस्ट मुलगा यांचे लग्न ठरले की सगळे वर येते. बिशपची परवानगी लागते. मुलांचा बाप्तिस्मा कॅथॉलिक चर्चमध्ये व्हावा यासाठी शक्य ते सगळे करीन, असे वचन कॅथॉलिक जोडीदाराला द्यावे लागते. मुलाच्या घरच्यांना नेमके तेच रुचत नाही, कारण त्यांच्या मते नातवाला अजून विश्वास ठेवताच येत नाही. त्या बैठकीत पोपचे नाव क्वचितच निघते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. व्यक्तीचा स्वतंत्र निर्णय ही कल्पनाच भारतात टिकत नाही, माणसे इथे जातीने आणि गावाने हलतात. 3 जुलै 1878 रोजी आंध्रातल्या ओंगोलजवळ गुंडलकम्मा नदीत बाप्टिस्ट मिशनने एका दिवसात 2,222 जणांना बाप्तिस्मा दिला. त्यांत बहुसंख्य मादिगा समाजाचे होते. हा व्यक्तीचा निर्णय कसा म्हणायचा? आक्षेप बराचसा खरा आहे. मात्र त्याच मिशनच्या जॉन क्लाऊने त्याआधी दुष्काळाच्या काळात बाप्तिस्मे थांबवून ठेवले होते, लोक अन्नासाठी येतील या भीतीने. तत्त्व अंगात मुरलेले नसते तर त्याने ते थांबवले नसते. इथले लोक एकमेकांच्या सोबतीने निर्णय घेतात. तेवढ्याने तो त्यांचा स्वतःचा निर्णय राहत नाही, असे मला वाटत नाही.

7. मराठीतल्या ख्रिस्ती खुणा

ही रेघ मराठी वाङ्मयातही दिसते. 1579 मध्ये गोव्यात आलेल्या टॉमस स्टीफन्स या जेझुइटाने ‘ख्रिस्तपुराण’ लिहिले ते बाप्तिस्मा झालेल्या साष्टीच्या लोकांसाठी. त्यांची जुनी पुराणे गेली होती, कानाला कथा हवी होती, आणि 1616 मध्ये ती मराठी ओवीत छापून आली. आधी पाणी, मग कथा. विल्यम कॅरी हा बाप्टिस्ट 1793 मध्ये बंगालात आला आणि भाषांतराला बसला. कृष्ण पाल या सुताराचा, म्हणजे त्याच्या मिशनमधला पहिला भारतीय बाप्तिस्मा हुगळीत झाला तो 28 डिसेंबर 1800 रोजी, सात वर्षांनी. त्याच कॅरीचे मराठी व्याकरण 1805 चे. आधी ग्रंथ, मग पाणी.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला अँग्लिकन पद्धतीने झाला, आणि त्यांच्यासोबत अडीच वर्षांच्या मनोरमेचाही. आई मोठ्या झगड्यातून, स्वतःच्या निर्णयाने आली होती. लेक आईच्या निर्णयाने. पुढे दोनच वर्षांत रमाबाईंनी तिथल्या मठातल्या भगिनींना पत्रातून कळवले की, एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर दुसऱ्या तशाच जोखडात मान घालणार नाही. पद्धत त्यांनी एका पंथाची घेतली, पण अधिकाराच्या प्रश्नावर त्या हेल्विसच्या जवळ गेल्या. नारायण वामन टिळक तर याच्याही पुढे गेले. 1917 मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांसाठी. बाप्तिस्मा ही कुंपणाची रेघच त्यांनी नाकारली.

आणि 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा चर्चेस एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यात अँग्लिकन होते आणि बाप्टिस्टही होते. या लोकांनी बाळाचा बाप्तिस्मा आणि विश्वासूचा बाप्तिस्मा हे दोन्ही पर्याय शेजारी-शेजारी मान्य केले. चारशे वर्षांच्या वादावर असा तोडगा काढायला धैर्य लागते. तो पूर्ण तर्कशुद्ध आहे असे मला वाटत नाही, पण प्रामाणिक नक्की आहे.

म्हणून मराठीत लिहिणाऱ्यांना, विशेषतः पाठ्यपुस्तके आणि चरित्रकोश करणाऱ्यांना माझे सांगणे आहे. स्टीफन्स, कॅरी, रमाबाई, टिळक, लेखक फादर फ्रान्सिस दिब्रिटो या सर्वांपुढे नुसते ‘ख्रिस्ती’ लिहून पुढे जाऊ नका. पंथ लिहा, आणि त्या पंथात बाळाला पाणी देतात की नाही, तेही लिहा.